पंचांचे राज्य, आमदाराचे पाणी

औंध संस्थानातल्या बहात्तर गावांना २१ जानेवारी १९३९ रोजी स्वराज्य मिळाले, ते न भांडता. राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी ते आपण होऊन दिले. गांधीजींचा सल्ला, मॉरिस फ्रिडमन या पोलिश अभियंत्याची धडपड आणि राजपुत्र अप्पासाहेब पंतांचा उत्साह त्यामागे होता. खानापूर-आटपाडीचे आमदार अनिलभाऊ बाबर गेले तेही जानेवारीतच, ३१ जानेवारी २०२४ रोजी. आटपाडी हा जुन्या औंध संस्थानाचाच मुलूख. तेव्हा या दोन तारखा शेजारी ठेवून पाहायला हरकत नाही.

औंधच्या घटनेत विधिमंडळाची वाट गावच्या चावडीवरून जात होती. गावाने पाच पंच निवडायचे, पंचायतींच्या अध्यक्षांची तालुका पातळीवर सभा व्हायची आणि तिथून निवडलेली माणसे संस्थानच्या विधिमंडळात जायची. पक्षाचे तिकीट, एबी फॉर्म, शेवटच्या क्षणीची बंडखोरी, यांतले काहीच नव्हते. गावातली वजनदार घराणी या शिडीवरूनही वर सरकली असणारच. घटनेने भाऊबंदकी संपत नसते. पण वर बसलेल्या माणसाचा पाय गावात राहील, अशी ती मांडणी होती. संस्थान १९४८ मध्ये विलीन झाले आणि प्रयोग नऊ वर्षांतच आटोपला.

त्या प्रयोगाचे कौतुक करताना एक गोष्ट सहसा निसटते. याच मुलखात घडणाऱ्या व्यंकटेश माडगूळकरांच्या ‘बनगरवाडी’त राजेसाहेब तालमीच्या उद्घाटनाला धनगरांच्या वाडीत येतात. रयतेत मिसळणारा राजा कसा असतो, ते त्या प्रसंगातून दिसते. कादंबरीच्या शेवटी मात्र दुष्काळ पडतो आणि वाडी ओस पडते. आटपाडीसह साऱ्या माणदेशाचे खरे दुखणे ते आहे. पंचांनी शाळा बांधावी, बांधाचे भांडण मिटवावे, विहीर खणावी. विहिरीला पाणीच लागले नाही तर पंचांचा ठराव काय करणार? पाणी कृष्णेत होते, आणि कृष्णा आटपाडीपासून लांब आणि पुष्कळ खाली.

ते वर आणायचे तर मुंबईला जाणे भाग होते. १९९३ मध्ये आटपाडीत नागनाथअण्णा नायकवडी, गणपतराव देशमुख, भारत पाटणकर यांच्या पुढाकाराने तेरा दुष्काळी तालुक्यांची पाणी परिषद उभी राहिली. कराडजवळच्या टेंभूपासून कृष्णेचे पाणी टप्प्याटप्प्याने उचलण्याची योजना १९९६ मध्ये मंजूर झाली. मंजुरीनंतर सुरू झाली ती सुधारित प्रशासकीय मान्यता, निधी, पंप, कालवे, भूसंपादन यांची न संपणारी रांग. बाबरांची कारकीर्द या रांगेत उभे राहण्यात गेली.

१९९०, १९९९, २०१४ आणि २०१९ असे चारदा ते निवडून आले. मधल्या निवडणुकांत पराभवही पचवले. या मतदारसंघातले हजारो लोक सोन्या-चांदीच्या गलाईसाठी देशभरच्या सराफ बाजारांत पांगलेले. दिल्लीत, कोलकात्यात, चेन्नईत भट्टीपुढे बसणारा गलाईवाला मतदानाला गावी येतो. शेत पिकले असते तर तो भट्टीपुढे बसला असता का, हा इथल्या राजकारणाचा मूळ प्रश्न. त्यामुळे ‘टेंभूचे पाणी’ हे इथे घोषणेपेक्षा अधिक काही आहे.

काँग्रेस, राष्ट्रवादी, शिवसेना आणि २०२२ मध्ये शिंदे गट असा बाबरांचा प्रवास झाला. त्यांच्या बाजूचे लोक लगेच टेंभूकडे बोट दाखवतात: पाणी सत्तेच्या हातात, म्हणून सत्तेजवळ राहावे लागले. हे म्हणणे समजण्यासारखे आहे, पण ते आम्ही पूर्ण मान्य करणार नाही. शेजारच्या सांगोल्यातून गणपतराव अकरा वेळा निवडून आले, ते एकाच लाल बावट्याखाली. दोनदा अल्पकाळ मंत्री झाले, बाकीचे बहुतेक आयुष्य विरोधी बाकावर गेले. सांगोलाही याच पाण्याच्या रांगेत होता आणि गणपतरावांचा आवाज मंत्रालयात ऐकू जात असे. पक्ष बदलल्याशिवाय पाणी येतच नाही, असा नियम त्यावरून तरी निघत नाही. इतकेच की गणपतरावांना पाच दशकांचा धीर होता आणि त्यांच्या मतदारांनाही. सगळ्याच मतदारांकडे तेवढा असतो असे नाही.

बाबरांच्या बाबतीत मात्र हे कबूल करायला हवे, की पक्ष फिरले तरी मागणी फिरली नाही. टेंभूच्या विस्तारित सहाव्या टप्प्याला त्यांचे नाव मिळाले, ते अकारण नाही. आटपाडीच्या डाळिंबबागा टँकरवर जगवण्याचे दिवस ज्यांनी पाहिले, त्यांना हे वेगळे सांगायला नको.

२०२४ च्या निवडणुकीत त्यांचे पुत्र सुहास बाबर आमदार झाले. मतदारांनी दिलेला कौल आहे, तक्रार कशाला? तरीही, ज्या मुलखात राजाने गादीचे अधिकार सोडले तिथे आमदारकी घरात राहते, याची नोंद व्हायला हवी.

नव्या आमदारापुढचे काम वडिलांच्या कामापेक्षा कमी प्रसिद्धीचे आणि जास्त कटकटीचे आहे. पंप चालवायला वीज लागते. तिच्या बिलाचा ८१ टक्के भार सरकारने आणि १९ टक्के शेतकऱ्यांनी सोसायचा, असे ठरले आहे. हे १९ टक्के आवर्तनामागून आवर्तन वसूल कोण करणार? पाणी कालव्याच्या तोंडाशी उसाला आणि शेपटाशी ज्वारीला, की पाटणकर आणि पाणी परिषदेने आटपाडीत मांडलेल्या समन्यायी वाटपाप्रमाणे प्रत्येक कुटुंबाला ठरावीक पाणी? बंद पाइपातून ते मोजून द्यायचे तर वाटपाची यादी, चावी आणि वसुलीची वही पाणीवापर संस्थेकडे हवी, आमदाराच्या कार्यालयात नव्हे. आवर्तन सोडा म्हणून आमदाराला फोन करणाऱ्या शेतकऱ्याला ‘संस्थेकडे जा’ असे सांगण्याची हिंमत सुहास बाबरांनी पहिल्याच टंचाईत दाखवावी.