चेंडू महाग, मैदान मुरमाड

दिवाळी सरली, पहाटेची थंडी जाणवू लागली, की बारामती आणि इंदापूर तालुक्यांत दोन हंगाम बरोबरच सुरू होतात. एक साखर कारखान्यांचा आणि दुसरा क्रिकेटचा. एकीकडे माळेगाव, सोमेश्वर, भवानीनगरच्या रस्त्यांवर उसाच्या बैलगाड्या आणि ट्रॅक्टर यांची रांग लागते, तर दुसरीकडे चौकाचौकांत कुठल्या ना कुठल्या चषकाचे फलक झळकतात. याच सुमारास खेळाच्या सामानाच्या दुकानात एक प्रश्न हमखास ऐकू येतो. विचारणारा बहुधा बाप असतो. शेजारी त्याचा बारा-तेरा वर्षांचा मुलगा उभा असतो आणि मुलाची नजर काचेच्या कपाटातल्या लालभडक चेंडूवर खिळलेली असते.

"सर, पोराला चांगला बॉल घ्यायचाय. टीव्हीवर असतो तोच ना हा? घ्यायचा तर भारीतलाच घेऊ म्हणतो."

मी शाळेतून निवृत्त झालेला माणूस. सुट्टीच्या दिवशी गावोगावच्या सामन्यांत पंच म्हणून उभा राहतो, त्यामुळे हा सल्ला माझ्याकडे मागितला जातो. माझे उत्तर ऐकून दुकानदाराचा चेहरा जरा उतरतो, कारण मी सांगतो, "भारीतला नका घेऊ. निदान आत्ता तरी नको." बापाला वाटते, सर आपला खिसा बघून बोलत आहेत. तसे नाही. खिशात पैसे असले तरी माझे उत्तर तेच राहते, आणि ते का, हे सविस्तर सांगितले पाहिजे.

हा प्रश्न आपल्या दोन तालुक्यांपुरता नाही. जगातल्या सर्वांत श्रीमंत खेळांपैकी एक म्हणजे गोल्फ. बारामती-इंदापुरात गोल्फ खेळणारा मला तरी भेटलेला नाही. तो खेळ पाहायचा तर पुण्याला येरवड्याकडे जावे लागते. पण त्या खेळातही हाच वाद वर्षानुवर्षे चालू आहे. अमेरिकेत नामांकित कंपनीच्या उत्तम चेंडूंचे डझन पन्नास डॉलरच्या वर जाते आणि साधे चेंडू त्याच्या निम्म्याहून कमी पैशांत मिळतात. महागड्या चेंडूत एकावर एक थर असतात आणि वरचे आवरण मऊसर असते. त्यामुळे जवळचा फटका मारताना चेंडूला जास्त फिरकी मिळते आणि तो पडल्या जागी थांबतो. साधा चेंडू दोनच भागांचा, वरून टणक. तो लवकर कापला जात नाही आणि अंतरही बऱ्यापैकी कापतो. ज्याचा फटका दहापैकी आठ वेळा हव्या त्या जागी बसतो, त्याला त्या फिरकीचा फायदा. ज्याचा चेंडू दहापैकी चार वेळा झुडपात नाहीतर तळ्यात जातो, त्याने पन्नास डॉलर कशासाठी मोजायचे?

गोल्फचा इतिहास तर याहून बोलका आहे. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धापर्यंत तिथला चेंडू म्हणजे चामड्याच्या पिशवीत पिसे ठासून भरलेला गोळा. कुशल कारागीर दिवसभरात असे मोजकेच चेंडू बनवी, त्यामुळे ते विलक्षण महाग असत. १८४८च्या सुमारास मलायाकडच्या एका झाडाच्या चिकापासून, म्हणजे गटापर्चापासून, स्वस्त चेंडू बनू लागले आणि खेळ सामान्य माणसाच्या आवाक्यात आला. गंमत अशी, की हे गुळगुळीत चेंडू खेळून ओरखडले, की नव्यापेक्षा चांगले उडत. खेळाडूंच्या ते ध्यानात आले, आणि आजच्या गोल्फ चेंडूवरचे खळगे हे त्या ओरखड्यांचेच वंशज. खेळ वाढवला तो स्वस्त चेंडूने.

आपल्याकडे हेच काम टेनिस बॉलने केले आहे. पॅड नको, ग्लोव्हज नकोत, खेळपट्टी नको. वीस-पंचवीस जणांनी थोडी थोडी वर्गणी काढली, की महिनाभर खेळ चालतो. पुण्याचा केदार जाधव टेनिस बॉलच्या स्पर्धा खेळत मोठा झाला. याच केदारने जानेवारी २०१७ मध्ये गहुंजेच्या मैदानावर इंग्लंडविरुद्ध ७६ चेंडूंत १२० धावा काढल्या आणि ३५१ धावांचे लक्ष्य भारताने गाठले. तमिळनाडूत सेलम जिल्ह्यातल्या एका खेड्यातला टी. नटराजनही टेनिस बॉलवर यॉर्कर टाकत तयार झाला आणि २०२०-२१च्या ऑस्ट्रेलिया दौऱ्यात तिन्ही प्रकारच्या सामन्यांत भारताकडून खेळला. स्वस्त चेंडूवर हात बसला म्हणून पुढची वाट बंद होते, असे काही नाही.

आता काचेच्या कपाटातला तो लाल चेंडू बाहेर काढू. आपण त्याला सीझन बॉल म्हणतो. मध्ये बूच, त्यावर आवळून गुंडाळलेला धागा आणि वर कमावलेले चामडे. पुरुषांच्या क्रिकेटमध्ये त्याचे वजन १५६ ते १६३ ग्रॅम असावे, असा नियम आहे. टेनिस बॉल साठ ग्रॅमच्याही आत असतो. साध्या सीझन बॉलचे चामडे दोन तुकड्यांचे, तर भारीतल्याचे चार तुकड्यांचे. चार तुकडे जोडायला कारागिराची मेहनत जास्त, चामडे निवडक, शिवण हाताने घातलेली आणि उठावदार. म्हणून त्याची किंमतही तशी. एका भारी चेंडूच्या पैशांत साधे सीझन बॉल तीन-चार येतात आणि टेनिस बॉल डझनभर तरी.

किंमत खोटी नाही, हे मी आधीच कबूल करतो. पण त्या किमतीत आपण काय विकत घेतो? उठावदार शिवण आणि टिकणारी चकाकी. शिवण एका बाजूला तिरपी धरून, एक अंग चकचकीत ठेवून वेगाने चेंडू टाकला, की तो हवेत वळतो. शिवण टप्प्यावर पडली, की तो आत किंवा बाहेर जातो. त्यासाठी गोलंदाजाला षटकातले निदान चार-पाच चेंडू शिवण सरळ ठेवून टाकता आले पाहिजेत, आणि मैदान असे पाहिजे, की पहिल्या दहा षटकांतच चेंडूचे चामडे सोलून निघणार नाही.

इथेच आपली गाडी अडते. फेब्रुवारी २०२० मध्ये बारामतीच्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्टेडियमवर महाराष्ट्र आणि उत्तराखंड यांच्यात रणजी सामना झाला. तिथे गवत आहे, निगराणी आहे. तिथे भारी चेंडू शोभतो. पण स्टेडियमच्या फाटकाबाहेर पडून भिगवणच्या, वालचंदनगरच्या नाहीतर निमगाव केतकीच्या रस्त्याला लागा आणि मुले कुठे खेळतात ते पाहा. शाळेचे पटांगण, गावठाणातली मोकळी जागा, नांगरट व्हायची राहिलेले रान. खाली मुरूम, मध्येच चुनखडीचा खडा. उन्हाळ्यात कालव्याच्या आवर्तनाकडे डोळे लावून बसलेल्या गावात मैदानाला पाणी कोण देणार? अशा जमिनीवर भारी चेंडूची चकाकी चौथ्या-पाचव्या षटकात जाते आणि पंधराव्या षटकापर्यंत शिवणीचे धागे सुटू लागतात. तिथून पुढे तो चेंडू आणि दुकानातला साधा चेंडू यांत फरक उरतो तो फक्त बिलाचा.

मोठमोठ्या संघांनाही मैदान पाहूनच चेंडू निवडावा लागतो. ऑस्ट्रेलियात कुकाबुरा वापरतात, इंग्लंडमध्ये ड्यूक्स आणि भारतात मेरठचा एसजी. तिघांचीही शिवण आणि टणकपणा वेगळा. ऑक्टोबर २०१८ मध्ये विराट कोहलीने एसजी चेंडूच्या दर्जाबद्दल जाहीर नाराजी व्यक्त करून ड्यूक्सची बाजू घेतली होती. म्हणजे भारताच्या कर्णधारालाही एक चेंडू सगळीकडे सर्वोत्तम वाटत नव्हता. मग मुरमाड पटांगणावर खेळणाऱ्या आपल्या पोराला टीव्हीतलाच चेंडू योग्य, हे कुणी ठरवले?

आणि ऊस? गोल्फवाल्यांची जशी झुडपे, तसा आमचा ऊस. मैदानाच्या सीमारेषेला लागून आडसालीचा फड असेल, तर षटकार बसला की सगळे खेळाडू फलंदाजाकडे न पाहता उसाकडे पाहतात. पाती कापतात, सापाची भीती असते, शेतमालक ओरडतो ते वेगळेच. अर्धा तास शोधून लाल चेंडू मातीत मिसळून गेलेला असतो. तो पुढे सापडतो तोडणीच्या वेळी, एखाद्या टोळीतल्या लेकराला. आणि ते लेकरू उन्हापावसाने फुगलेल्या त्या चेंडूशी अड्ड्यावर खुशाल खेळत बसते.

माझ्या या म्हणण्यावर एक आक्षेप नेहमी येतो आणि तो खरा आहे. एका पालकाने मला विचारले, "सर, उद्या निवड चाचणीला पोरगं गेलं आणि तिथं चार पीसचा बॉल हातात आला, तर ते बावचळणार नाही का?" बावचळेल. टेनिस बॉलवर आडवे फटके मारायची सवय लागते, तो उसळतो वेगळा आणि हातात बसतोही वेगळा. म्हणून मी पायऱ्या सांगतो. दहा-अकरा वर्षांपर्यंत टेनिस बॉल. मग मुलांसाठी बनवलेला, पुरुषांच्या चेंडूपेक्षा वीसएक ग्रॅमने हलका सीझन बॉल. त्यानंतर साधा दोन तुकड्यांचा. आणि चाचणीच्या आधीचे तीन-चार आठवडे, मॅटिंगवर किंवा चांगल्या खेळपट्टीवर, भारीतला. तेवढ्यासाठी चार-पाच घरांनी मिळून दोन चेंडू घेतले तरी भागते.

हलका चेंडू म्हणजे कमअस्सल, असेही मानू नये. २ नोव्हेंबर २०२५ रोजी नवी मुंबईत भारताच्या महिलांनी विश्वचषक जिंकला, तो पुरुषांच्या चेंडूपेक्षा हलक्या चेंडूवर. नियमच तसा आहे. तरीही आमच्या गावांत मुलगी मैदानावर आली, की तिच्या हातात भावाचा जड, जुना चेंडू दिला जातो आणि तिला फेकता येत नाही म्हणून हसले जाते. भारी चेंडूचे पैसे वाचले, तर त्यांतला पहिला वाटा माझ्या मते मुलीच्या हाताला बसणाऱ्या चेंडूचा.

दुसरा वाटा हेल्मेटचा. हे मी सगळ्यांत आग्रहाने सांगतो. मुरमाड पट्टीवर चेंडू कधी घोट्याशी सरपटतो, तर कधी तोंडावर येतो, आणि दीडशे ग्रॅमचा कठीण गोळा महाग असला काय आणि स्वस्त असला काय, तोंडावर सारखाच लागतो. भारताचा माजी सलामीवीर रमण लांबा फेब्रुवारी १९९८ मध्ये ढाक्यात फलंदाजाजवळ हेल्मेट न घालता उभा राहिला. चेंडू डोक्याला लागला आणि तीन दिवसांनी तो गेला. तो कसलेला कसोटीपटू होता. आमची सातवीतली मुले सीझन बॉलसमोर टोपी घालून उभी राहतात, आणि कडेला उभे असलेले आपण मोठे टाळ्या वाजवत असतो.

तिसरा वाटा खेळपट्टीचा. काळी माती आपल्याकडे विकत आणावी लागत नाही. बावीस यार्डांची पट्टी उकरून, खडे वेचून, काळ्या मातीचा थर दिला, आठवडाभर पाणी मारून रोलर फिरवला, तर मुलाला पुढे पाय टाकून खेळायचा धीर येतो. ते जमत नसेल तर काथ्याचे मॅटिंग. एका स्पर्धेच्या फलकांवर, हारतुऱ्यांवर आणि फटाक्यांवर जो खर्च होतो, त्याचा थोडा भाग इकडे वळवला तरी हे काम होईल. फलक आठ दिवसांत उतरतो. पट्टीवर नुसती माती-पाणी करत राहिले, तर दोन-तीन इयत्तांची मुले तिथे खेळून जातात.

बापाच्या हौसेला मी नावे ठेवत नाही. आपल्याला रबरी चेंडूही मागून मिळाला नाही, निदान पोराला तरी मिळावा, ही इच्छा कारखान्याचे बिल जमा झाल्यावर मनात येतेच. नव्या कोऱ्या लाल चेंडूचा वास आणि तो मुठीत धरल्यावर अंगात भरणारा जोर यांनाही मोल आहे. दसऱ्याला एखादा भारी चेंडू घ्यावा, हळदीकुंकू वाहून बॅटीबरोबर त्याची पूजा करावी, सामन्याच्या दिवशी तो काढावा. पण रोजच्या सरावाला रोजचाच चेंडू हवा, आणि तो पुष्कळ हवा. कारण मुलाचा हात बसतो तो दिवसाला शंभर चेंडू टाकून. महागडा एकच चेंडू घरात असला, की तो हरवेल या धास्तीने मुले जपून खेळतात, मोठा फटका मारायला कचरतात, आणि ज्याचा चेंडू तो रागावून घरी निघाला, की खेळ बंद.

म्हणून दुकानात मी त्या बापाला एवढेच विचारतो, की पोरगा खेळतो कुठे, किती वेळ आणि त्याच्याबरोबर किती जण असतात? याची उत्तरे मिळाली, की कोणता चेंडू घ्यायचा ते त्याचे तोच ठरवतो. बहुतेक वेळा तो अर्धा डझन साधे चेंडू बांधून घेतो. आणि निघताना मी हळूच म्हणतो, "आता त्या वरच्या फळीवरच्या हेल्मेटची किंमत विचारा."