परदेशातील घराचा उंबरठा

माझा पुतण्या चार वर्षांपूर्वी नोकरीनिमित्त सांगलीहून इंग्लंडमधील लेस्टरला गेला. तेथे त्याने घर पाहिले आणि मालकाने किंमत मान्य केल्याचा फोन येताच आम्ही इकडे पेढे वाटले. तीन आठवड्यांनी, दुसरा कोणी अधिक रक्कम देतो म्हणून मालकाने त्याला नकार कळविला. आपल्याकडे विसार दिला, पावती झाली, की शब्दाला वजन येते. इंग्लंडमध्ये मात्र दोन्ही बाजूंच्या सॉलिसिटरांनी करारांची अदलाबदल करेपर्यंत विकणारा आणि घेणारा दोघेही मोकळे असतात. त्या वेळी साधारणतः १० टक्के रक्कम भरावी लागते आणि नंतर घेणाऱ्याने माघार घेतल्यास ती गमवावी लागते. पेढ्यांचा दिवस तो, हे आम्हांस उशिरा उमगले.

दुसऱ्या घराच्या वेळी त्याने स्वखर्चाने सर्व्हेअर नेमला. बँक आपला माणूस पाठवितेच, मग हा खर्च कशाला, असे मीच विचारले होते. पण बँकेचा माणूस कर्ज बुडणार नाही एवढेच पाहतो. भिंतीतील ओल ही आपली काळजी. विटांच्या त्या जुन्या घराच्या मागील भिंतीत ओल निघाली. अहवाल दाखवून किंमत बरीच उतरविता आली.

खरी चूक पुढेच झाली, आणि तीत माझा वाटा आहे. सुनेच्या बाळंतपणासाठी मी तेथे गेले होते. बॉयलर बदलावयाचा होता. ओळखीतील एक गृहस्थ निम्म्या मजुरीत काम करावयास तयार झाले. आपल्या भागातले, आपली भाषा बोलणारे, आपल्या ताटाला ताट लावून जेवणारे! पुतण्या कागदपत्रे विचारू लागला, तेव्हा मी त्यास गप्प केले. घरच्या माणसाकडे कसली कागदपत्रे मागावयाची?

जानेवारीतील एका रात्री भिंतीवरील गजर वाजू लागला. कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही. तो गजर नसता तर आम्हांस काहीच कळले नसते. दारे-खिडक्या उघडून, दीड महिन्याच्या बाळाला शालीत गुंडाळून आम्ही रस्त्यावर उभे राहिलो. तातडीच्या सेवेचा मनुष्य आला आणि त्याने गॅस बंद केला. बॉयलरचा धूर बाहेर नेणाऱ्या नळीचा सांधा नीट बसविलेलाच नव्हता. तीन दिवस घर थंड होते.

तेथे गॅसचे काम करणाऱ्याची ‘गॅस सेफ रजिस्टर’मध्ये नोंद असणे कायद्याने बंधनकारक आहे. २००९ पासून ही नोंदवही आहे. कारागिराजवळ छायाचित्राचे कार्ड असते. पुढे मुदत, तर मागील बाजूस कोणकोणती कामे करण्यास तो पात्र आहे ते लिहिलेले असते. पुष्कळ जण पुढची बाजू पाहूनच थांबतात. चूल बसविणारा बॉयलरला पात्र असतोच असे नाही.

नवा कारागीर आला, तेव्हा चहा विचारण्याआधी मी चष्मा लावून त्याचे कार्ड उलटून पाहिले. तो रागावला नाही. उलट, हे पाहावयासच हवे, असे म्हणाला.

त्या परिचित गृहस्थांनी पैसे परत केले. आमच्याकडे येणे मात्र त्यांनी सोडले.