वर्दीतला पश्चात्ताप

रोहित शेट्टी यांचा ‘सिम्बा’ (२०१८) मुलांना फार आवडतो. लाचखोर इन्स्पेक्टर भालेराव बहीण मानलेल्या मुलीवरील अत्याचाराने व तिच्या खुनाने हादरतो, बदलतो. इथपर्यंत आम्हीही टाळ्या वाजवू. पुढे मात्र तो दोघा आरोपींना पोलीस ठाण्यातच गोळ्या घालतो आणि त्याला स्वसंरक्षणाचे रूप देतो.

अंगुलिमालाने शस्त्र टाकले. भिक्षू झाल्यावर लोकांनी मारलेले दगड तथागतांच्या सांगण्यावरून मुकाट्याने सोसले. पश्चात्ताप तो हा!

बाबासाहेबांच्या संविधानाचे कलम २१ आरोपीलाही संरक्षण देते. ठाण्यातली गोळी आज पडद्यावर गुंडाला लागते. उद्या ती वस्तीतल्या निरपराध पोरालाही लागेल. पालकांनो, चित्रपट संपल्यावर मुलांशी एवढे जरूर बोला.

जय भीम!