हमी कामाची हवी, शिक्षा कष्टाची नको

सार्वजनिक तिजोरीतून गरिबाच्या हाती चार पैसे पडू लागले की सुखवस्तू समाजाला श्रमाचे माहात्म्य आठवते. फुकटच्या पैशाने माणसे आळशी होतात, म्हणून अनुदानाला कामाची अट घालावी आणि ती मोडणाऱ्याचे अनुदान बंद करावे, अशी मागणी मग सुरू होते. अमेरिकेने १९९६ साली असा कायदा केला. त्या वर्षी तेथील मुले असलेल्या दर शंभर गरीब कुटुंबांमागे ६८ कुटुंबांना रोख साहाय्य मिळत होते. २०२० साली हा आकडा २१ वर आला. गरिबी हटली नाही, गरिबांची नावे तेवढी यादीतून हटली.

२०२४ साली ‘मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण’ योजना आल्यापासून महाराष्ट्रातही हाच सूर ऐकू येतो. तो लावणाऱ्यांनी काशीगावाकडे पाहावे. मुंबईच्या वेशीवरील या वस्तीच्या नावात गाव उरले आहे. परंतु ती मीरा-भाईंदर महानगरपालिकेच्या हद्दीत असल्याने ग्रामीण रोजगार हमीच्या कायद्याच्या लेखी ते गाव नव्हे. जनतानगरातील अथवा माशाच्या पाड्यावरील स्त्रीने ‘मला काम द्या’ असा अर्ज केला, तर तिला काम देण्यास कायद्याने बांधलेले कार्यालय तिच्या शहरात नाही. जे शासन काम देण्यास बांधलेले नाही, त्याला काम न करणाऱ्यास शिक्षा करण्याचा नैतिक अधिकार कोठून येणार?

वस्तुतः आजच्या योजनांत शिक्षा होते ती आळसाला नव्हे, कष्टालाच. लाडकी बहीण योजनेत कुटुंबाच्या वार्षिक उत्पन्नाची मर्यादा अडीच लाख रुपयांची आहे. गाळ्यात राबणाऱ्या पुरुषाची मिळकत महिना १५,००० रुपये आणि धुणीभांडी करणाऱ्या त्याच्या पत्नीची ६,००० रुपये धरली, तर वर्षाचे २,५२,००० रुपये होतात. मर्यादेपेक्षा दोन हजार रुपये अधिक कमावल्याबद्दल त्या घराने वर्षाचे १८,००० रुपये गमवायचे! पिवळ्या वा केशरी शिधापत्रिकाधारकांना उत्पन्नाच्या दाखल्यातून सूट आहे, हे खरे. पण त्यामुळे मूळ अट सुटत नाही. संजय गांधी निराधार अनुदान योजनेची कथा याहून करुण आहे. २०२३ साली तिचे अनुदान १,००० वरून १,५०० रुपये झाले, तेव्हाही सर्वसाधारण उत्पन्नमर्यादा वर्षाला २१,००० रुपयांवरच, म्हणजे दिवसाला ५८ रुपयांच्याही आत, ठेवण्यात आली. एका घरचे धुणे धरणारी विधवा मग निराधार राहत नाही काय?

लाडकी बहीण योजनेच्या यादीत शासकीय नोकर आणि पुरुषही सापडले. त्यांच्याकडून वसुली अवश्य व्हावी. परंतु निवडणुकीपूर्वी घाईने उघडलेले दार निवडणुकीनंतर पडताळणीच्या नावाने लोटून घेणे, हा न्याय नव्हे. २६ लाख ३४ हजार लाभार्थींचा लाभ जून २०२५ पासून स्थगित केल्याचे महिला व बालविकास मंत्री आदिती तटकरे यांनी सांगितले. सप्टेंबरमध्ये ई-केवायसी सक्तीची झाली आणि स्त्रीच्या आधारबरोबर पती वा पित्याचेही आधार मागण्यात आले. पती-पिता दोघेही हयात नसलेल्या स्त्रीने काय करावे, याचा विचार मागाहून करावा लागला. स्त्रीला स्वावलंबी करू म्हणणाऱ्या योजनेने तिला पुन्हा पुरुषाच्या कागदाला बांधले.

भुकेल्याची परीक्षा घेण्याची ही रीत जुनीच आहे. १८७७ च्या दुष्काळात रिचर्ड टेंपल यांच्या आग्रहाने मुंबई इलाख्यातील दुष्काळी कामांवरची मजुरी दिवसाला एक पौंड धान्याच्या हिशोबापर्यंत उतरवण्यात आली. हजारो मजूर कामे सोडून गेले आणि पुण्याच्या सार्वजनिक सभेने त्यांची बाजू मांडली. बरोबर शंभर वर्षांनी, १९७७ साली, महाराष्ट्राने रोजगार हमीचा कायदा केला व ही रीत उलटी केली. मजुराने काम मागायचे आणि शासनाने ते पंधरा दिवसांत द्यायचे; न दिल्यास बेकारी भत्त्याचा दंड शासनाला. कामाची अट मजुरावर होती, तशी शासनावरही होती. किंबहुना परीक्षा शासनाची होती. या योजनेसाठी १९७५ पासून शहरी पगारदारांनी व्यवसाय कर भरला, तोही याच विश्वासाने. प्रत्यक्षात भ्रष्टाचार झाला, मजुरी थकली. तरी तत्त्व खोटे ठरले नाही.

ते तत्त्व आता शहरात आणले पाहिजे. केरळने २०१० साली अय्यनकाळी नागरी रोजगार हमी योजना सुरू केली, राजस्थानने २०२२ साली शहरी हमी दिली. रोजगार हमीची जन्मभूमी म्हणवणाऱ्या महाराष्ट्राने काशीगावच्या श्रमिकांना तेवढेही देऊ नये? शहरी हमीचा कायदा करावा. उत्पन्नमर्यादा महागाईशी जोडावी. ती ओलांडणाऱ्या घराचे अनुदान एका फटक्यात न तोडता मिळकतीच्या प्रमाणात हळूहळू कमी करावे. कागद अपुरा असेल तर तो पुरा होईपर्यंत अनुदान चालू ठेवावे आणि लाभ थांबवण्यापूर्वी लेखी कारण देऊन संबंधित स्त्रीचे म्हणणे ऐकावे.

अनुदान ही ओवाळणी नव्हे. ज्यांच्या श्रमावर हे महानगर उभे आहे, त्यांच्या देण्याचा तो एक लहानसा हप्ता आहे. ऋणकोनेच धनकोला अटी घालाव्यात, हा उफराटा व्यवहार काशीगावच्या स्त्रियांनी निमूटपणे का सोसावा?