एकच सॅक, डोंगराला आणि बर्फालाही

गेल्या वर्षावासात विहारातली वंदना आटोपून आम्ही पायऱ्यांशी चपला शोधत होतो, तेव्हा वस्तीतल्या एका ताईंनी आम्हाला बाजूला बोलावले. घरी शिवणयंत्र चालवून संसार ओढणाऱ्या या ताई. त्यांची मुलगी उत्तरेकडच्या एका गिर्यारोहण संस्थेतला पायाभूत अभ्यासक्रम पूर्ण करून, वरची श्रेणी घेऊन आली आहे. आता तिला हिवाळ्यात गुलमर्गला स्कीइंग शिकायचे आहे आणि त्यानंतर गिर्यारोहणाचा पुढचा अभ्यासक्रम करायचा आहे. ताई म्हणाल्या, "भाऊ, पोट्टी म्हणते आठ हजाराची बॅग पाह्यजे. तिच्या मैत्रिणी म्हणतात दोन लागतात, एक डोंगराची न् एक बर्फाची. काहून लागते इतकी महाग? तुम्ही सगळ्यावर लिहिता, याच्यावर लिहा ना."

आमच्या सदरात आजवर शिष्यवृत्तीचे अर्ज, बाळंतिणीचा आहार, विहारातले वाचनालय असे विषय आले. पाठीवरच्या पिशवीवर लिहावे लागेल असे कधी वाटले नव्हते. पण विषय हसण्यावारी नेण्याचा नाही. २५ मे २०१४ रोजी तेलंगणातल्या समाजकल्याण निवासी शाळांची दोन मुले, १३ वर्षांची मालावत पूर्णा आणि तिच्यासोबतचा दलित कुटुंबातला आनंद कुमार, तिबेटच्या बाजूने एव्हरेस्टवर पोहोचली. मे २०१८ मध्ये आपल्या शेजारच्या चंद्रपूर जिल्ह्यातल्या आश्रमशाळांच्या पाच आदिवासी विद्यार्थ्यांनी तेच शिखर गाठले, त्यांत मनीषा धुर्वे ही मुलगी होती. दुसऱ्याचे ओझे वाहणे आपल्या आज्या-आजोबांना नवे नव्हते. स्वतःचे ओझे स्वतःच्या इच्छेने पाठीवर घेऊन वर जाणे ही मात्र या पिढीची गोष्ट आहे, आणि त्यासाठी घरातून पैसा जाणार असेल तर तो नीट जावा.

पहिली गोष्ट, घाई करू नका. दार्जिलिंग, उत्तरकाशी, मनाली इथल्या संस्था अभ्यासक्रमापुरती सॅक, झोपायची पिशवी, बूट वगैरे सामान वापरायला देतात. प्रवेशाच्या पत्रासोबत यादी येते, ती आधी वाचावी. मुलगी केवळ एका अभ्यासक्रमाला जाणार असेल तर आठ हजार घरातच राहू द्यावेत. ताईंची मुलगी मात्र मैत्रिणींबरोबर चिखलदरा, पचमढी, सह्याद्री अशी फिरते आणि पुढेही फिरणार आहे. तिला स्वतःची सॅक लागेल हे आम्ही मान्य केले. पण दोन नकोत.

एकच सॅक दोन्हीकडे चालवायची तर आकार मधला हवा. सॅकचा आकार लिटरमध्ये मोजतात. सकाळी निघून संध्याकाळी परत यायच्या बर्फावरच्या फेरीला ३० लिटर पुरते. तंबू, शिधा, दोर घेऊन आठ-दहा दिवस राहायचे तर ६० ते ७० लिटरची लागते. या दोहोंच्या मधली ४० लिटरची, फार तर ४५ची घ्यावी. ती चढाईला पुरते, आणि बाजूचे पट्टे आवळले की बर्फावर लहान होऊन पाठीला चिकटते. म्हणून हे आवळण्याचे पट्टे दोन्ही बाजूंना, वर आणि खाली, असायलाच हवेत. मोठी सॅक घेतली की माणूस ती भरतोच, हा आमचा अनुभव आहे. लग्नाला जाताना मोठी पेटी काढली की घरोघरी काय होते ते भगिनींना सांगायला नको.

आता मापाचे. सॅक मुलीच्या उंचीवरून घेऊ नये, पाठीच्या लांबीवरून घ्यावी. मान पुढे वाकवली की मानेच्या तळाशी जे हाड ठळक लागते तिथपासून, कमरेवर हात ठेवल्यावर दोन्ही अंगठे पाठीमागे ज्या रेषेत येतात तिथपर्यंत शिवणाच्या टेपने मोजावे. ताईंना हे सांगताच त्यांनी मुलीला तिथेच उभे करून मोजले. उंच मुलीची पाठ आखूड असू शकते, ठेंगण्या मुलीची लांब. चांगल्या सॅकच्या पाठीचे माप दिलेले असते, काहींत ते कमीजास्त करता येते. असे पाहण्याचे कारण एवढेच की ओझे खांद्यावर नव्हे, कमरेच्या हाडांवर बसले पाहिजे. कमरेचा पट्टा हाडांवर घट्ट बसला आणि खांद्याचे पट्टे नुसते सांभाळायला राहिले तर मुलगी दिवसभर चालेल. पट्टा पोटावर आला तर तासाभरात खांदे भरून येतील. सीताबर्डीच्या रस्त्यावर ट्रेकिंग बॅग म्हणून जे टांगलेले असते, त्यांतल्या बऱ्याच पिशव्यांचा कमरेचा पट्टा म्हणजे नुसती नाडी असते. कॉलेजला चालेल, डोंगराला नाही.

बर्फाचे जरा सविस्तर सांगतो, कारण नागपुरात बसून ते लक्षात येत नाही. स्की टूरिंग म्हणजे यंत्राच्या पाळण्यात बसून वर जायचे आणि घसरत खाली यायचे, एवढेच नव्हे. त्यात स्कीच्या तळाला खरखरीत पट्टी चिकटवून, मागे न घसरता, पायांनीच वर चढतात. वर पोहोचल्यावर पट्टी काढतात आणि घसरत उतरतात. मध्ये चढ फार उभा आला तर स्की काढून पाठीवर बांधाव्या लागतात. तेव्हा सॅकला दोन्ही बाजूंना मजबूत पट्टे हवेत, म्हणजे एकेक स्की एकेका बाजूला बांधून टोके वर जोडता येतात. एक तिरका पट्टा असला तर दोन्ही स्की एकत्र आडव्या टाकता येतात. स्कीच्या कडा लोखंडी आणि धारदार असतात, त्या घासून कापड फाटते. म्हणून बाजूचे कापड जाड आहे का, ते हाताने चुरगाळून पाहावे. हेच पट्टे गिर्यारोहणात चटई किंवा तंबूचे दांडे बांधायला कामी येतात. बर्फाची कुऱ्हाड अडकवायला खाली फास आणि वर बंद लागतो, टोपाखाली दोर दाबायला एक पट्टा लागतो. एवढे असले की सॅक दोन्ही घरची झाली.

कमरेचा पट्टा काढता येणारा असावा, कारण दोराला बांधून घेण्याचा जो पट्टा कमरेला चढवतात, त्याच्यावर जाड पट्टा बसला की अडचण होते. पाण्याची नळी असलेल्या पिशवीचे आकर्षण मुलांना फार. कडक थंडीत त्या नळीतले पाणी गोठते, साधी बाटली बरी. आकाशपाळण्यासारख्या खुर्चीवर बसताना लोंबते पट्टे आत खोचावेत, ते अडकतात. पावसाचे आवरण वाऱ्यात उडते, आत जाड प्लास्टिकची मोठी पिशवी घालून तिच्यात कपडे ठेवावेत. ती किराणा दुकानातही मिळते.

एका गोष्टीवर मात्र काटकसर नको. उतारावरचा बर्फ कधी कधी मोठ्या लोटाने खाली येतो, त्यात माणूस गाडला जातो. अशा ठिकाणी जाणाऱ्या प्रत्येकाकडे तीन वस्तू लागतात: संदेश देणारे आणि घेणारे छोटे यंत्र, बर्फात खुपसायची लांब घडीची काठी आणि फावडे. यंत्र सॅकमध्ये ठेवायचे नाही, अंगावर कपड्यांच्या आत बांधायचे, कारण सॅक अंगापासून सुटू शकते. काठी आणि फावडे मात्र सॅकच्या वेगळ्या कप्प्यात, कपडे न उपसता एका झटक्यात निघतील असे हवे. गाडल्या गेलेल्या माणसाला वाचवण्याची खरी संधी पहिल्या दहा-पंधरा मिनिटांतच असते. ते साहित्य नाही, किंवा चालवता येत नाही, तर मुलीने शिक्षकांच्या देखरेखीबाहेर त्या उतारावर जाऊच नये. हे ताईंना आम्ही दोनदा सांगितले, मुलीला तीनदा.

भरण्याचीही रीत आहे. झोपायची पिशवी तळाला, जड वस्तू पाठीला लागून मधोमध, हलके वर. स्कीवर असताना जड सामान आणखी थोडे खाली न्यावे, नाहीतर वळताना सॅक माणसाला ओढते. पैसे आणि कागदपत्रे अंगावर असावीत. १९१७ साली लंडनहून परतताना बाबासाहेबांनी आपली पुस्तके वेगळ्या जहाजाने पाठवली आणि ते जहाज पाणतीराने बुडाले, ही हकीकत आपल्या घरांत सर्वांना ठाऊक आहे. सातव्या शतकात आपल्या देशात आलेले चिनी भिक्खू ह्युएन त्संग बर्फाळ डोंगर ओलांडून आले आणि ६४५ मध्ये ६५७ ग्रंथ घेऊन परत गेले. परतीच्या वाटेत सिंधू नदी ओलांडताना त्यांचेही काही ग्रंथ वाहून गेले होते. भिक्खूंच्या अष्टपरिष्कारांत चीवरे, पात्र, वस्तरा, सुई, कमरपट्टा आणि पाणी गाळायचे कापड एवढेच येते. आमच्या मुलीच्या यादीत केस वाळवायचे यंत्र होते, ते आम्ही खोडले.

सरावासाठी रामटेकचा गड पुरेसा आहे. सॅकमध्ये पाण्याच्या बाटल्या भरून पायऱ्या चढाव्यात, वर गेल्यावर पाणी झाडांना घालावे आणि रिकाम्या पाठीने उतरावे. गुडघे वाचतात. ओझे पाच किलोपासून सुरू करून हळूहळू वाढवावे. आपल्या वजनाच्या पाचव्या हिश्श्यापलीकडे सहसा जाऊ नये.

दिवाळीपूर्वी आम्ही तिघे दुकानात गेलो. मुलीला एक निळी सॅक आवडली, किंमतही बसत होती. ताईंनी ती हातात घेतली, उलटी केली आणि खांद्याचा पट्टा जिथे पाठीला जोडतात तिथे नख घालून पाहिले. "एकेरी शिवण हाय. इथून उसवते," एवढेच म्हणाल्या आणि ठेवून दिली. दुसरीची शिवण आडवी-उभी भरून काढलेली होती, बंद ओढला तरी दोरा हलत नव्हता. बेचाळीस लिटर, वजन सव्वा किलोच्या आसपास, रंग मातकट. मुलीचा चेहरा जरा पडला. दुकानदाराने त्यात वाळूच्या पिशव्या भरून दिल्या, आणि ती दुकानातल्या जिन्यावरून पंधरा मिनिटे वर-खाली करत राहिली. उतरली तेव्हा रंगाचे काही बोलली नाही. ताईंनी साडेपाच हजार मोजून दिले आणि पावती ब्लाऊजच्या मापांच्या वहीत ठेवली.