बाळंतिणीला पाळणा ऐकूनही काही का वाटत नाही?

बाराव्या दिवशी बारसे. कर्जत-खालापूरच्या वाड्यांवर कुठे बायका पाळणा म्हणतात, कुठे तो मोबाइलवर लावला जातो. बाळंतीण मात्र कोऱ्या चेहऱ्याने बसून राहिली, तर घरातच निदान होते : 'थकलीय', 'नजर लागली' किंवा थेट 'हिला पोराचं कौतुकच नाही'.

मेंदू वेगळेच सांगतो. आवडते गाणे ऐकताना मेंदूतील स्ट्रायटम या भागात डोपामाइन स्रवते, हे कॅनडातील संशोधकांनी २०११ मध्ये स्कॅनद्वारे दाखवले. चांगलेचुंगले खाल्ल्यावर सुखावणारी यंत्रणाही हीच. नैराश्यात ती मंदावते. सूर ऐकू येतात, गाणे आनंदाचे आहे हेही कळते. आत काही हलत नाही, एवढेच. हा स्वभाव नव्हे, आजाराचे लक्षण असू शकते. सुरुवातीचे रडू बहुधा दोन आठवड्यांत ओसरते. त्यापुढे राहिले तर डॉक्टरांना दाखवायलाच हवे.

हे शहरी खूळ नाही. २०१७ च्या आढाव्यानुसार भारतातील सुमारे २२ टक्के मातांना हा त्रास होतो. गोव्यात म्हापशाच्या अभ्यासात गरिबी, नवऱ्याची मारहाण आणि मुलगी झाल्याची नाराजी ही कारणे पुढे आली होती.

दवाखान्यात प्रसूती झाली की आशाताई ४२ दिवसांत सहा वेळा घरी येते. बाळाचे वजन, ताप, अंगावरचे पाजणे पाहते. त्यातच आईचे मनही विचारले जावे. १९८७ पासून वापरात असलेल्या एडिनबरा प्रश्नावलीत दहाच प्रश्न आहेत, आणि पहिले दोन हसू येते का, पुढच्या गोष्टींची उत्सुकता वाटते का, असेच आहेत. दिवाळीनंतर वीटभट्टीवर गेलेल्या कातकरी आईला ते भट्टीवर जाऊनच विचारावे लागतील. गावातल्या घराला तर कुलूप असते.

गाण्याचा उपयोग नाही असे मात्र नाही. लंडनमध्ये १३४ मातांवर झालेल्या, २०१८ च्या अभ्यासात बाळासह दहा आठवडे एकत्र गाणाऱ्या, जास्त त्रास असलेल्या माता नेहमीच्या उपचारांवरच असलेल्यांपेक्षा लवकर सावरल्या. तिथे आया स्वतः गात होत्या, हे महत्त्वाचे. म्हणजे बारशाला मोबाइल बाजूला ठेवून चारचौघींनी गायला हरकत नाही, फक्त ते औषधोपचाराऐवजी नको. टेली-मानसचा १४४१६ हा मोफत क्रमांक दिवसरात्र सुरू असतो, मराठीतही बोलता येते. फोन नवऱ्याने किंवा सासूने लावला तरी चालतो.