ड्युटीवर लागलेल्या आजाराचा पुरावा कोणी द्यायचा?

समृद्धी महामार्ग आमच्या कारंजा तालुक्यातून जातो. अपघात झाला की सगळ्यांना रुग्णवाहिका आठवते. तिच्यातून उतरून जखमीला उचलणारा माणूस मात्र कोणाला आठवत नाही.

आमच्या धनजचा एक तरुण अशाच रुग्णवाहिकेवर मदतनीस होता, एका खासगी कंत्राटदाराकडे. खोकणाऱ्या रुग्णांबरोबर बंद गाडीत तासन्‌तास बसणे हे त्याचे रोजचे काम. पुढे त्यालाच टीबी निघाला. औषधे सरकारी दवाखान्यात मोफत मिळाली. पण पगार बंद झाला. भरपाईचे विचारले तर उत्तर आले, "टीबी गावातही होतो. ड्युटीवरच लागला कशावरून?"

त्याचा अर्ज लिहायला मी बसलो, तेव्हा कायदा वाचला आणि थक्क झालो. कर्मचारी नुकसानभरपाई कायदा १९२३ चा. त्याच्या तिसऱ्या अनुसूचीत व्यवसायजन्य आजारांची यादी होती आणि तिच्या पहिल्याच भागात आरोग्यसेवेच्या कामातून होणारे संसर्गजन्य आजार येत. असा आजार झाला तर तो कामावरची इजाच मानायचा, जोवर उलट सिद्ध होत नाही तोवर. म्हणजे पुरावा त्या पोराने नव्हे, नाकारणाऱ्याने द्यायचा! कंत्राटदाराआड मूळ मालकाने लपू नये म्हणून कलम १२ होते. दावा करायला मुदत दोन वर्षांची. २०२५ मध्ये या कायद्याची जागा घेतलेल्या २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेतही अशी आजारांची यादी आहे.

मग अडते कुठे? मृत्यू दिसतो, आजार दिसत नाही. ९ मे २०१५ रोजी मुंबईत काळबादेवीच्या आगीने अग्निशमन दलाचे चार अधिकारी घेतले, तेव्हा सारा महाराष्ट्र हळहळला. कोविडमध्ये केंद्राने आरोग्य कर्मचाऱ्यांसाठी ५० लाखांचा विमा आणला, त्यात कंत्राटी कामगारही होते. पण तो मृत्यूनंतरचा. आजारातून उठून अर्ध्या ताकदीने जगणाऱ्याला त्यात काही नव्हते.

अग्निशमन जवानांचे तर आणखी अवघड. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०२२ मध्ये आग विझवण्याचे काम कर्करोगकारक ठरवले. आपल्या यादीत बेन्झीन, ॲस्बेस्टॉस अशी पदार्थांची नावे आहेत; अग्निशमन हा व्यवसाय म्हणून नाही. वीस वर्षांत कोणत्या आगीत कोणता धूर छातीत गेला, हे निवृत्त जवान कसे सांगणार? कॅनडा आणि अमेरिकेतल्या अनेक प्रांतांत-राज्यांत ठरावीक वर्षे सेवा केलेल्या जवानाचा ठरावीक कर्करोग कामामुळेच झाला, असे कायदा गृहीत धरतो. आपल्याकडेही तेच हवे.

मजुराचा हक्क लांबवू नये, हे आपण जुम्म्याच्या खुत्ब्यात लहानपणापासून ऐकतो. मला वाटते, कामात गमावलेली तब्येतही त्या हक्कातच मोडते. ती भरून देणे हा उपकार नव्हे, ते देणे आहे.

तोवर आपल्या घरातले, मोहल्ल्यातले कोणी अशा नोकरीत असेल तर त्याला एवढे सांगा: भरतीच्या वेळच्या तपासणीचा कागद जपून ठेव, दर फेरीची नोंद स्वतःच्या वहीत कर, आजार कळताच मालकाला लेखी कळव आणि पोच घे. आमच्या पोराकडे यातले काहीच नव्हते. जुन्या फेऱ्यांच्या नोंदी आम्ही आता एकेक करून गोळा करतो आहोत. त्याच्या मुदतीतले सात महिने उरले आहेत.